काळा पडला म्हणून फिल्टर वाईट ठरत नाही

वापरलेला ऑइल फिल्टर ग्राइंडरने कापून ‘कंपनीचा ओरिजिनल माल किती बोगस असतो, डोळ्यांनी पाहा’ असे सांगणारा एक व्हिडिओ आणि त्याला जोडलेला लांबलचक मजकूर सध्या घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: कंपनीच्या फिल्टरचा कागद काळा पडतो, म्हणजे तो निकामी असतो, त्याच्या आत धातूचा कीस सापडतो, त्याच्या टोकांना पत्र्याऐवजी पुठ्ठा असतो, त्यात मुद्दाम एक भोक ठेवलेले असते आणि त्यातून तेल न गाळताच इंजिनात जाते, बाजारात मिळणारा जड, पांढऱ्या कागदाचा फिल्टर त्याहून सरस आणि स्वस्त असतो, आणि मुळात कोणताही फिल्टर पेट्रोलने धुऊन, हवा मारून पुन्हा वापरता येतो. माझ्या मामांनी हे सगळे मला पाठवून ‘मग या वेळी बदलू की धुऊन घेऊ?’ असे विचारले. त्यांची गाडी टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा, तेलाच्या आधारावर फिरणारा पंखा) असलेली डिझेल आहे, त्यामुळे हे हसण्यावारी नेण्याची सोय राहिली नाही.

सुरुवात काळ्या रंगापासून करू, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. इंजिन ऑइलमध्ये काजळी आणि ज्वलनाचे इतर अवशेष कुठे साचू न देता तरंगत ठेवणारी रसायने मुद्दाम मिसळलेली असतात. ती आपले काम नीट करत असली की तेल काळे पडतेच, आणि डिझेल इंजिनात तर नवे तेल भरल्यावर काहीशे किलोमीटरच्या आतच ते काळेभोर दिसू लागते. काजळीचे कण बहुतांशी एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, बारीक असतात आणि ते नेहमीच्या कागदी फिल्टरमधून आरपार जातात. ते अडवण्यासाठी हा फिल्टर बनवलेलाच नसतो. अशा तेलात दहा हजार किलोमीटर भिजत राहिलेला कागद काळा होणार नाही तर काय होणार? व्हिडिओत शेजारी ठेवलेला ‘चांगला’ फिल्टर पांढरा आहे हे खरे, पण जरा निरखून पाहिले तर त्याच्या रबरी वायसरवर तेलाचा ओलावाही नाही आणि थ्रेडवर तो कधी इंजिनाला चढवल्याची खूणही नाही. वापरलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरशेजारी ठेवून दर्जाचा निवाडा करणे याला तुलना म्हणत नाहीत. एखादा फिल्टर खरोखरच हजारो किलोमीटर चालून पांढराशुभ्र निघाला, तर कौतुक करण्याऐवजी त्याच्या कागदातून तेल गेले तरी होते का, ही चौकशी आधी करावी लागेल.

फिल्टर किती चांगला गाळतो हे डोळ्यांना कळतच नाही, हा यातला मूळ मुद्दा आहे. नुसत्या डोळ्यांना साधारण ४० मायक्रॉनच्या आसपासपर्यंतचा कण दिसू शकतो, आणि इंजिनाच्या बेअरिंगची झीज करणारे बरेचसे कण त्याहून पुष्कळ लहान असतात. जनरल मोटर्सच्या अभ्यासावर आधारित एक शोधनिबंध १९८८ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने प्रसिद्ध केला होता. त्यात ४० मायक्रॉनच्या गाळणीच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या गाळणीने झीज निम्म्याने आणि १५ मायक्रॉनच्या गाळणीने सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे नोंदवले आहे. म्हणजे जे दिसत नाही तेच महत्त्वाचे आहे. म्हणूनच फिल्टरच्या गाळण्याची परीक्षा ज्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार होते, त्या आयएसओ ४५४८ च्या १२ व्या भागात कागदाच्या रंगाला जागाच नाही. त्या चाचणीत ठरावीक प्रतीची धूळ तेलात सतत सोडत राहतात, तेल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात, फिल्टरच्या आधी आणि नंतर कोणत्या आकाराचे किती कण आहेत हे यंत्राने मोजतात, आणि फिल्टर तुंबेपर्यंत त्याने किती ग्रॅम धूळ धरून ठेवली याची नोंद करतात. २० मायक्रॉनचे ९९ टक्के कण अडवणारा फिल्टर आणि ८० टक्केच अडवणारा फिल्टर वापरानंतर कापून टेबलावर ठेवले, तर दोन्ही सारखेच काळे आणि सारखेच तेलकट दिसतील. मग ग्राइंडरवाला त्यांतला फरक कशावरून सांगणार? याच प्रमाणाच्या इतर भागांत बायपास झडप, दाबाखाली फिल्टरचा गाभा चेपणे, थंड इंजिन सुरू होतानाचे दाबाचे धक्के आणि डबा फुटण्याचा दाब यांच्या स्वतंत्र चाचण्या आहेत, आणि त्यांतली एकही डब्याचे वजन हातात तोलून होत नाही.

धातूच्या किसाचा दावा तर सरळसरळ हास्यास्पद आहे. ग्राइंडरची चकती पत्र्यातून जाते तेव्हा ज्या ठिणग्या उडतात, त्या म्हणजे त्याच पत्र्याचा तापलेला कीस असतो, आणि तो तेलाने ओल्या झालेल्या कागदावर जाऊन चिकटतो. मग निवेदक त्यावर चुंबक फिरवतो, चुंबकाला केस आल्यासारखा कीस लागतो, आणि तो ‘कंपनीच्या फिल्टरने सोडलेला लोखंडाचा चुरा’ ठरतो. कागदाच्या घड्यांवर एक तपकिरी पट्टा दिसतो, त्याला तो ‘गरम तेलाने करपलेला कागद’ म्हणतो. हा पट्टा बरोबर कापाच्या रेषेत, त्याच उंचीवर सगळीकडून गोल फिरलेला आहे, हे त्याच्या लक्षात आलेले नाही किंवा आणून घ्यायचे नाही. आणि समजा, फिल्टरमध्ये इंजिनाचाच धातू सापडला, तरी त्यातून फिल्टरचा दोष कसा सिद्ध होतो? तो धातू फिल्टरने अडवला म्हणूनच तिथे सापडला. विमानाच्या पिस्टन इंजिनांत फिल्टर कापून पाहणे हा देखभालीचा नेमाचा भाग आहे. लायकमिंगसारख्या उत्पादकाच्या सूचनांनुसार दर ५० तासांच्या उड्डाणानंतर फिल्टर काढून, उघडून त्यात धातू आहे का ते पाहतात. तिथे परीक्षा इंजिनाची असते, फिल्टरची नव्हे.

आता त्या बदनाम भोकाविषयी. त्या भोकात स्प्रिंगने दाबून धरलेली एक झडप असते, तिला बायपास व्हॉल्व्ह म्हणतात, आणि ती इंजिनाच्या जिवासाठी ठेवलेली तरतूद आहे. कागदाच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूच्या दाबात ठरावीक फरक पडेपर्यंत, म्हणजे बहुतेक गाड्यांत साधारण एक बारच्या (जवळपास वातावरणाच्या दाबाइतक्या) आसपास, ती बंदच राहते. १५डब्ल्यू-४० दर्जाचे तेल १०० अंश सेल्सिअसला सुमारे १४ सेंटीस्टोक (दाटपणा मोजायचे एकक) इतके पातळ असते. तेच ४० अंशांना ११० च्या घरात जाते आणि हिवाळ्यातल्या पहाटे, गाडी रात्रभर अंगणात उभी असेल तर, त्याहून कितीतरी दाट होते. असे दाट तेल पंप जोराने ढकलत असताना ते सगळे कागदातून पार होऊ शकले नाही, तर दोनच गोष्टी होऊ शकतात: कागद फाटेल किंवा बेअरिंग आणि टर्बोपर्यंत तेल पोचायला उशीर होईल. त्याऐवजी झडप थोडा वेळ उघडते आणि काही तेल न गाळता पुढे जाते. हे तेल आदल्या दिवशी त्याच फिल्टरमधून कितीतरी वेळा फिरून आलेले असते. फिल्टर मुदतीनंतरही न बदलल्यामुळे तुंबला, तरी हीच झडप इंजिनाला कोरडे पडू देत नाही. न गाळलेले तेल बेअरिंगला वाईट आहे, यात वाद नाही, पण तेलाविना फिरणे हे काही सेकंदांतच बेअरिंगचा निकाल लावू शकते.

मजकुरात पुढे हे भोक ‘एम-सीलने बुजवून मग फिल्टर बसवा’ असा सल्ला आहे, तो वाचून मात्र राग आवरेना. असे केले आणि फिल्टर तुंबला, तर दाबाने मधली नळी चेपते, घड्या फाटतात, आणि कागदाचे तुकडे व साचलेला सगळा गाळ एकदम तेलाच्या वाटांत शिरतो. ‘भोक नसलेला’ फिल्टर शोधून आणणे हाही उपाय नव्हे. काही इंजिनांत ही झडप इंजिनाच्या ब्लॉकमध्ये किंवा फिल्टर ज्यात बसतो त्या इंजिनावरच्या कायमच्या डब्यात, म्हणजे हाउसिंगमध्ये असते, त्यामुळे त्यांच्या फिल्टरमध्ये ती नसते. असा फिल्टर थ्रेड जुळला म्हणून ज्या इंजिनाला झडपवाला लागतो त्याला चढवला, तर बाहेरून सगळे ठीक दिसते आणि आत संरक्षण शून्य असते. थ्रेड जुळतो, वायसर बसतो, गळत नाही, एवढ्यावर फिल्टर ‘मॅच’ झाला असे म्हणणारे मिस्त्री कमी नाहीत.

पुठ्ठ्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ज्याला पुठ्ठा म्हटले आहे ते बहुधा कागदाच्या घड्यांना घट्ट चिकटवलेले तंतूंचे जाड टोपण असते, आणि डब्याविना नुसता गाभा म्हणून येणाऱ्या, हाउसिंगमध्ये बसवायच्या फिल्टरमध्ये तर महागड्या युरोपीय गाड्यांनाही तशी नरम टोके असतात. अशा फिल्टरला आधार देणारी जाळीदार नळी अनेकदा हाउसिंगच्या झाकणावर कायमची असते, म्हणून हातात घेतलेला गाभा लेचापेचा वाटतो. टोपण कशाचे आहे यापेक्षा ते घड्यांपासून सुटले आहे का, हे पाहावे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. गाडीची कंपनी फिल्टर स्वतः बनवत नाही, ती फिल्टर-उत्पादकांकडून तो बनवून घेते, आणि ‘कंपनीचा म्हणजे सर्वोत्तम’ हेही खरे नाही. कंपनी सर्व्हिसची मुदत, तेलाचा प्रवाह, गाळण्याची क्षमता आणि किंमत यांचा मेळ घालून फिल्टरचा आराखडा ठरवते. त्याहून बारीक गाळणारे फिल्टर नामांकित उत्पादकांच्या स्वतःच्या नावाने बाजारात मिळतात आणि ते बसवायला हरकत नाही. पण ‘एकाच कारखान्यातून दोन्ही निघतात, मग फरक कसला’ हा युक्तिवाद टिकत नाही, कारण एकाच छताखाली वेगवेगळ्या कागदाचे, वेगवेगळ्या झडपांचे फिल्टर बनू शकतात. शिवाय व्हिडिओतला फिल्टर खरोखर कंपनीचा होता, हे कशावरून? पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला स्पेअर पार्टच्या व्यवहारात असलेल्या कोणालाही विचारा, खोक्यासकट डुप्लिकेट माल येतो हे तो सांगेल. खरेदीची पावती नाही, पार्ट नंबर दाखवलेला नाही, गाडी कोणती आणि ती किती चालली याचा पत्ता नाही. अशा फिल्टरवरून कोणाचाही दर्जा ठरत नाही, कंपनीचा नाही आणि लोकलचाही नाही.

राहिला धुण्याचा सल्ला, आणि मामांसारख्यांचे नुकसान करणारा खरा सल्ला हाच आहे. फिल्टरचा कागद म्हणजे रेझिनने कडक केलेल्या तंतूंचा थर असतो, आणि घाण त्याच्या पृष्ठभागावर साचते तशीच जाडीतही अडकते. तेल बाहेरून आत वाहते, म्हणजे कागदाची बाहेरची बाजू मळकी आणि आतली स्वच्छ असते. डब्यात पेट्रोल ओतून तो खळखळवला की बाहेर साचलेला गाळ सुटतो आणि त्यातला काही मधल्या स्वच्छ पोकळीत पोचतो. तिथून पुढे एकही गाळणी नसते, थेट बेअरिंग असते. वरून हवेचा झोत मारला तर घड्या चिकटवलेल्या जागी सुटू शकतात, कागदाला बारीक चिरा पडू शकतात, आणि त्या चिरा डबा न कापता दिसणार नाहीत. आत राहिलेले पेट्रोल तेल पातळ करते ते वेगळेच. छोट्या पेट्रोल गाडीचा फिल्टर दीड-दोनशे रुपयांच्या घरात मिळतो, डिझेलचा त्याहून महाग असतो, पण टर्बो उतरवण्याच्या खर्चापुढे दोन्ही किरकोळ आहेत.

धुण्याची ही सवय कुठून आली असावी, ते समजण्यासारखे आहे. स्प्लेंडरसारख्या दुचाकीत कागदी ऑइल फिल्टर नसतो. तिथे धातूची जाळी आणि क्रँकबरोबर फिरून घाण कडेला फेकणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, आणि हे दोन्ही धुऊन स्वच्छ करायचेच असतात. तीच रीत चारचाकीच्या कागदाला लावली, एवढीच गफलत आहे.

हे सगळे कळूनही जुना फिल्टर कापून पाहायची हौस असेल, तर पाइप कापायच्या हत्यारासारखा चाकाचा कटर वापरावा, म्हणजे कीस पडत नाही. आधी तेल पूर्ण निथळू द्यावे, घड्यांचा कागद धारदार पात्याने सोडवून घ्यावा, कापडात घालून व्हाइसमध्ये पिळावा आणि उन्हात पसरावा. चुंबकाला चिकटणारे चमकदार कण आणि न चिकटणारे अ‍ॅल्युमिनियम किंवा बेअरिंगच्या थराचे कण वेगवेगळे दिसले, तर गाडी इंजिनाच्या जाणकाराला दाखवावी. फिल्टरपुरते पाहायचे असेल तर चारच गोष्टी पाहाव्यात: एखादी घडी फाटली आहे का, कागदाचा जोड उकलला आहे का, मधली नळी चेपली आहे का, आणि इंजिन बंद झाल्यावर तेल परत जाऊ न देणारा रबरी पडदा अजून लवचीक आहे की कडक होऊन वाकवताना तडकतो. यांपैकी काही सापडले तर तो खरा दोष असू शकतो, मग खोक्यावर नाव कोणाचेही असो. अशा वेळी डब्यावरचा बॅच क्रमांक आणि खरेदीची पावती जपून ठेवावी, कारण तक्रार केली की विक्रेता पहिल्यांदा तेच मागतो, आणि क्रमांक छापलेला पत्रा बहुतेक लोकांनी कापतानाच फेकून दिलेला असतो.