पाऊस आहे म्हणून सहल रद्द करणाऱ्या मेलबर्नकरांनो

मंडळी, आज जरा खरडपट्टी काढायची आहे. आपलीच.

जून उजाडला की आपल्या ग्रुपवर दरवर्षी तेच नाटक. किंग्ज बर्थडेचा लाँग वीकेंड जवळ येतो, 'कुठेतरी जाऊया यार' म्हणून धडाधड मेसेज पडतात, केबिन बुक होतात आणि गुरुवारी संध्याकाळी कुणीतरी हवामानाच्या अंदाजाचा स्क्रीनशॉट टाकतं. शनिवारी पाऊस, रविवारी पाऊस, सोमवारी 'शॉवर्स'. मग 'मुलं लहान आहेत', 'रिफंड मिळेल ना', असं करत करत सगळे कुणाच्या तरी घरी पावभाजीला जमतात. कॉलेजात असताना धो धो पाऊस लागला की मुद्दाम लेक्चर बुडवून माळशेज गाठणारी ही माणसं. इथे पाच मिलिमीटरच्या अंदाजाला घाबरतात!

बरं, मेलबर्नचा पाऊस तो केवढा? वर्षाला जेमतेम साडेसहाशे मिलिमीटर. सिडनीत जवळपास दुप्पट पडतो. मुंबईत तर एकट्या जुलैत याहून जास्त. इथला पाऊस बदनाम झाला तो रिपरिपीमुळे आणि वाऱ्यामुळे. वारा बोचतो, हे मान्य. इथल्या हिवाळ्यातल्या पावसात नाचायला कुणी सांगत नाही. पण गाडीला हीटर आहे, वायपर आहेत, मागच्या सीटवर चिवड्याचा डबा आहे. अडचण नक्की काय आहे?

अडचण अशी की आपल्याला सहल म्हटलं की फक्त समुद्रकिनाऱ्याने जाणारा ग्रेट ओशन रोड दिसतो. पाहुणे भारतातून येवोत नाहीतर ॲडलेडहून, त्यांना ट्वेल्व्ह अपॉसल्स (समुद्रातले खडकांचे सुळके) दाखवलेच पाहिजेत, असा जणू व्हिसाचा नियम आहे. रस्ता ग्रेट आहेच. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी खोदला, आपल्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. त्याबद्दल बोलायची आपली पात्रता नाही. पण पावसात तिथे जाऊन करायचं काय? एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वळणं, आणि जोराचा पाऊस झाला की दरडी येतात. २०१६ मध्ये दरडींमुळे रस्ता बंद ठेवावा लागला होता. एवढं करून पोचलात तरी धुक्यात अपॉसल्सचे सुळके दिसतीलच असं नाही. (ते बारा कधीच नव्हते, आणि त्यातला एक २००५ मध्ये कोसळला. पण आपण अजून बारा मोजतोच.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पावसात किनारा सोडा आणि आतल्या रस्त्याने जा. जिलाँगपासून सरळ प्रिन्सेस हायवे धरा. विंचेल्सी, कोलॅक, कॅम्परडाउन, टेरांग, वॉर्नंबूल. आणि नुसते जाऊ नका, वाटेतल्या गावांत थांबा. २०२५ च्या हिवाळ्यात आम्ही हे केलं. दोन गाड्या, तीन कुटुंबं, आणि अंदाज असा की एरवी ग्रुपने नक्कीच शेपूट घातलं असतं.

कोलॅकच्या पुढे गेलं की जमीन ओळखीची वाटायला लागते. काळा दगड. मेलबर्नपासून पार साउथ ऑस्ट्रेलियाच्या सीमेपर्यंत हा सगळा ज्वालामुखीचा पट्टा आहे, त्यात चारशेहून जास्त ज्वालामुखी होऊन गेले. शेतातून निघालेल्या धोंड्यांची कुंपणं घातलेली, चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर नुसता दगड बसवलेला. पावसाने भिजून ती अशी काळीभोर झाली होती की बायको म्हणाली, "हे आपलं वाई-मेढा आहे, फक्त गाई जास्त गोऱ्या आहेत." कॅम्परडाउनला बुलन मेरी आणि नोटक ही विवरातली दोन तळी शेजारी शेजारी आहेत, मध्ये जेमतेम एक कड. एकाचं पाणी मचूळ, दुसऱ्याचं समुद्रापेक्षाही खारट. आम्ही वर उभे असताना एका तळ्यावर पाऊस पडत होता आणि दुसऱ्यावर ऊन होतं. पोरांनी मोबाइल खाली ठेवले, यातच काय ते समजा.

पण मला खरं सांगायचंय ते बेकरीतलं.

वाटेतल्या एका गावात आम्ही 'पाय' (आत सारण भरून भाजलेली पेस्ट्री) खायला शिरलो. तीच ती ठरावीक कंट्री बेकरी. काचेच्या कपाटात मीट पाय, सॉसेज रोल, पालक-रिकोटाचे रोल, पिवळी धमक व्हॅनिला स्लाइस, दारात चिखलाचे बूट. मी कोट झटकत, शहरी सवयीने म्हणालो, "काय घाण हवा आहे!" गल्ल्यावरच्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बाजूच्या टेबलाकडे बघून हसल्या. तिथे एक म्हातारे शेतकरी बसले होते. ते म्हणाले, "आमच्याकडे सकाळपर्यंत बावीस मिल्स (म्हणजे मिलिमीटर) झाला." आणि एवढं बोलून माणूस असा काही खुलला, की घरात नातू झाल्याचं सांगत असावा.

मग कळलं. २०२४ पासून नैऋत्य व्हिक्टोरियात भीषण कोरड पडली होती. एरवी हिरवागार, दुधाचा मुलूख, पण गवतच उगवलं नव्हतं. चारा बाहेरून ट्रकने आणायचा, त्याचे भाव गगनाला भिडलेले, शेततळ्यांचा तळ दिसलेला. ज्यांना जमलं नाही त्यांनी दुभती जनावरं विकली. आम्ही मेलबर्नमध्ये त्या वर्षी 'काय मस्त ऊन पडतंय' म्हणत बार्बेक्यू करत होतो.

आमच्यातला एक जण माण तालुक्यातला. एरवी घुम्या. पण त्याने खुर्ची ओढली आणि त्या म्हाताऱ्यांना चारा छावणी समजावून सांगायला लागला. दुष्काळात गावची सगळी जनावरं एका माळावर बांधायची, तिथेच चारा-पाणी द्यायचं, आणि गुरांपाशी घरातलं कुणीतरी महिनोन् महिने मुक्काम ठोकून राहायचं. म्हातारबुवा ऐकत होते. मध्येच विचारलं, "वर्षाला पाऊस किती?" हा म्हणाला, "चांगल्या वर्षी साडेचारशे-पाचशे." त्यांनी मान हलवली. पुढे गाईंच्या जाती, दुधाचे भाव, कारखाना किती कापून घेतो, हेच चाललं. भाषेची अडचण दोघांनाही नव्हती. मेलबर्नमध्ये ऑफिसातल्या गोऱ्या सहकाऱ्यांशी फूटीच्या (इथल्या फुटबॉलच्या) पलीकडे गप्पा न गेलेला हा माणूस! शेवटी त्याच्या बायकोला "पाय थंड झाला" म्हणून त्याला उठवावं लागलं.

हे उन्हाळ्यात झालं नसतं. उन्हात सगळ्यांना पुढे पळायचं असतं. पावसात माणूस आडोशाला थांबतो, आणि थांबला की बोलतो.

दुसरी तक्रार, जरा नाजूक. आपण रीजनल भागात जातो ते अख्खं स्वयंपाकघर घेऊन. तिखटमिठाच्या पुऱ्या, इडल्या, चटण्या, थर्मासभर चहा. गावातलं स्वच्छ टॉयलेट वापरतो, पार्कातला फुकटचा इलेक्ट्रिक बार्बेक्यू वापरतो, आणि एक कॉफीसुद्धा विकत न घेता पुढे निघतो. पुऱ्या न्या, मीही नेतो. पण सुट्टीच्या दिवशी चारजणांनी पाय घेतले तर बेकरीवाल्या बाईंना बरं वाटतं. शाकाहाराचं कारण सांगू नका, पालक-रिकोटा सगळीकडे मिळतो. आणि लक्षात ठेवा, कॅफे दोन-तीनला बंद होतात, पबचं किचन आठला. "नऊला जेवू" हे पुण्यात.

आता गाडी चालवण्याबद्दल, कारण काही जणांचा उत्साह मला माहीत आहे. शंभरचा बोर्ड म्हणजे शंभरच पाहिजे असं नाही. पावसाळ्यात या रस्त्यांना खड्डे पडतात, 'रफ सरफेस'चे बोर्ड जागोजागी दिसतील, ते मनावर घ्या. दुधाचा टँकर समोरून गेला की दोन सेकंद काच पूर्ण आंधळी होते. जूनमध्ये सव्वापाचला सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच वॉलबी रस्त्यावर येतात, त्यामुळे अंधाराच्या आत मुक्कामी पोचा. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर 'आपली एसयूव्ही आहे' हा विचार डोक्यात आणू नका, गाडी वळवा. निघण्याआधी व्हिक-इमर्जन्सी हे आपत्तीच्या सूचना देणारं ॲप बघा. नकाशा डाउनलोड करून ठेवा, मध्येच नेटवर्क जातं.

भजी? हो, केली. पण केबिनमध्ये नाही, तिथे तेल तापलं की स्मोक अलार्म बोंबलतो. कॅरव्हान पार्कच्या कॅम्प किचनमध्ये, पत्र्यावर पाऊस वाजत असताना. वासाने शेजारचं निवृत्त जोडपं आलं, काकांनी सहा भजी खाल्ली आणि बदल्यात आम्हाला टॉवर हिलला सकाळी लवकर जायला सांगितलं.

तो सल्ला लाखमोलाचा निघाला. टॉवर हिल हाही जुना ज्वालामुखी, वॉर्नंबूलच्या पलीकडे. १८५५ मध्ये ओयगेन फॉन गेरार्ड या चित्रकाराने तिथली दाट झाडी अगदी पानापानासकट रंगवून ठेवली. नंतर लोकांनी झाडं तोडून, गुरं चारून तो भाग पार उजाड केला. १९६१ पासून पुन्हा लागवड सुरू झाली तेव्हा कुठे काय लावायचं हे ठरवायला तेच चित्र उपयोगी पडलं. आता तिथे कोआला आहेत, एमू तर पार्किंगमध्येच फिरतात. त्या पावसात एक एमू आमच्या गाडीच्या काचेला चोच लावून आत बघत उभा होता, अगदी टोलनाक्यावरच्या माणसासारखा.

पुढचा बेत बुज बिमचा आहे. तिथल्या गुंडिचमारा या आदिवासी लोकांनी लाव्हाच्या दगडांत चर आणि बांध घालून ईल मासे पाळायची सोय केली, ती निदान ६,६०० वर्षांपूर्वी. २०१९ मध्ये बुज बिम युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. 'ते राक' नावाचं तिथलं तळं मधल्या काळात पाणी काढून कोरडं केलं होतं, २०१० मध्ये बंधारा घालून पुन्हा भरलं. पाण्याचा सगळा खेळ आहे तिथे, म्हणजे जायचं ते ओल्या दिवसांतच.

ऑगस्टमधला कुठलाही वीकेंड चालेल. अंदाजाचा स्क्रीनशॉट टाकणाऱ्याला ग्रुपमधून काढण्यात येईल. यायचं असेल त्यांनी खाली नाव लिहा, गाडीत सीट किती रिकाम्या तेही लिहा. रेनकोट आपापला आणा. छत्री नको, तिथल्या वाऱ्यात उलटी होते.