लेस्टर शेवटून पहिली नव्हती

नवा फुटबॉल हंगाम जवळ आला की एक फॉरवर्ड मेसेज हमखास फिरतो: ‘लेस्टर सिटी आदल्या वर्षी शेवटची होती, तरी २०१५-१६ ला इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, मग अंदाज बांधायचेच कशाला?’ हे अर्धवट आहे. २०१४ च्या नाताळात संघ तळाला होता खरा, पण शेवटच्या ९ पैकी ७ सामने जिंकून तो १४वा आला. दुबळी बाजूही दिसत होतीच. मधल्या फळीतला अनुभवी कॅम्बियासो गेलेला, प्रशिक्षक पिअरसनला काढलेलं, बचाव तर गळकं छप्पर! नव्या हंगामात पहिल्या नऊही सामन्यांत गोल खाल्ले. नवा प्रशिक्षक रानिएरीने आमिष दाखवलं: एका सामन्यात गोल खाऊ नका, पिझ्झा देतो. दहाव्या सामन्यात क्रिस्टल पॅलेसला १-० हरवलं, तेव्हा कुठे तो मिळाला. नवा मिडफिल्डर कांते काय चीज आहे, हे मात्र अंदाज बांधणाऱ्या आम्हालाही आधी कळलं नव्हतं.