एकच बादली दोन्ही इंजिनांना का चालत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

डिझेल इंजिनाच्या ऑईलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगली भरपूर प्रतिक्रिया टाकलीत. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून हे वेगळं लिहायला घेतलं. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. तुमच्याकडे एक जुना ट्रॅक्टर आणि एक बीएस-६ पिकप आहे. दोन्हींत तुम्ही ट्रॅक्टरच्या ऑईलची एकच बादली वापरता, घट्टपणाची ग्रेड २०डब्ल्यू-४० आणि दर्जा सीएफ-४. मी नव्या पिकपला ५डब्ल्यू-३० आणि तेही कमी राखेचं (जळल्यावर कमी राख उरणारं) ऑईल सांगितलं, ते तुम्हाला पटलं नाही. ‘हे पाण्यासारखं ऑईल थंड देशातल्या लोकांसाठी आहे, आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे त्याचं पाणी होईल’ असं तुम्ही लिहिलंत. मिस्त्री सगळ्या गाड्यांत हेच टाकतो, काट्यावर प्रेशर चांगलं दिसतं, महागडं ऑईलही लगेच काळं पडतं, आणि शेवटी, ‘कंपनीकडून किती मिळाले?’

शेवटच्यापासून सुरू करतो. काही मिळालं नाही. उलट त्या लेखात मी एकाही ऑईलचं नाव घेतलं नाही म्हणून दुसऱ्या एका वाचकाने मला झापलंय.

आता उन्हाचं बघू. अकोल्याचं ऊन माणसाला सोसत नाही हे खरं, पण इंजिनातल्या ऑईलला बाहेरच्या उन्हाशी फारसं देणंघेणं नसतं. इंजिन तापलं की आतलं ऑईल साधारण ९० ते ११० अंशांवर चालतं, गाडी अकोल्यात असो नाहीतर महाबळेश्वरात. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर त्याच कामासाठी बसवलेत. तुमचं २०डब्ल्यू-४० ऑईल ४५ अंशांच्या दुपारी उभ्या गाडीत जेवढं घट्ट असतं, त्याच्या सातव्या हिश्शाएवढंच ते चालत्या इंजिनात उरतं. म्हणजे तुम्ही ज्याला कडक ऊन म्हणता, ते इंजिनाच्या हिशेबाने थंडच. हे तुमच्या ऑईललाही लागू आणि माझ्या ऑईललाही.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा मात्र खरोखर थंडीचाच आहे, तिथे तुमचं बरोबर. ५डब्ल्यूची कसोटी उणे ३० अंशांवर लागते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. आपल्याकडे पहाटे स्टार्टर मारताना या दोघांत काही फरक पडणार नाही. त्यामुळे ५डब्ल्यूसाठी मी भांडत बसणार नाही.

भांडण आहे ते मागच्या आकड्याचं, आणि तिथे ‘पातळ’ या एका शब्दाने घोळ होतो. ४० ग्रेडचं ऑईल १०० अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकमध्ये (हे घट्टपणाचं माप) बसावं लागतं, ३० ग्रेडचं ९.३ ते १२.५ मध्ये. हे झालं ऑईल निवांत वाहताना. बेअरिंगच्या फटीत ते निवांत नसतं, तिथे ते चिरडलं जातं. म्हणून आणखी एक चाचणी असते, १५० अंशांवर आणि जबरदस्त ओढाताणीत किती घट्टपणा टिकतो ती. तिला एचटीएचएस म्हणतात. तुमच्या २०डब्ल्यू-४० ला तिथे किमान ३.७ लागतात (हे माप वेगळं, मिलिपास्कल-सेकंदाचं). आणि युरोपच्या गाडी कंपन्यांची संघटना एसीईए, तिच्या सी३ दर्जाचं ५डब्ल्यू-३० घेतलंत तर त्याला किमान ३.५ लागतातच. बेअरिंगला जाणवणारा फरक एवढाच आहे. त्याच ५डब्ल्यू-३० वर सी२ लिहिलेलं असेल तर मर्यादा २.९ पासून सुरू होते. म्हणजे दोन डब्यांवर ग्रेड एकच छापलेली असली तरी आतला माल सारखा नसतो. ऑईल बघताना आधी ग्रेड आणि मग दर्जा बघायची आपली सवय आहे ना, ती मला उलटी वाटते, आणि माझा मूळ मुद्दा तोच होता. आधी दर्जा बघा. ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलेलीच असते.

दर्जाचं एवढं का? त्यासाठी डिझेलकडे यावं लागतं.

२००० साली आपल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत २५०० भागांपर्यंत गंधक चालायचं. बीएस-३ ला ते ३५० वर आलं, बीएस-४ ला ५० वर आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ला १० वर. गंधक जळलं की आम्ल तयार होतं आणि ते लाइनर, रिंगा, बेअरिंग खातं. ते मारायला ऑईलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियमची क्षारं भरपूर घालायचे. सीएफ-४ हा १९९० चा दर्जा, म्हणजे त्याच गंधकाच्या काळातला. हे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकी संस्थेच्या यादीत तो आता कालबाह्य धरतात. तुमच्या ट्रॅक्टरचं इंजिन त्याच बेताचं असेल तर त्याला ते ऑईल गोड लागतं, यात वाद नाही.

पिकपला सायलेन्सरच्या आधी डीपीएफ आहे, काजळी अडवणारी जाळी. ती काजळी ठरावीक वेळाने ६०० अंशांच्या आसपास तापवून जाळली जाते, त्याला रिजनरेशन म्हणतात. पण इंजिन थोडं तरी ऑईल खातंच, आणि त्या ऑईलमधल्या धातूंची राख जळत नाही. चुलीत लाकूड जळून जातं आणि राख काढावी लागते, तसंच हे, फक्त इथली राख रोज सकाळी काढायची सोय नाही. समजा गाडीने दहा हजार किलोमीटरला एक लिटर ऑईल खाल्लं. लाख किलोमीटरला दहा लिटर, म्हणजे साधारण पावणेनऊ किलो. ऑईलमध्ये दीड टक्का राख असेल तर सव्वाशे ग्रॅमच्या वर होते, सी३ च्या ०.८ टक्क्याने सत्तरच्या आसपास. सगळीच जाळीत अडकत नाही, पण जी अडकते ती मागच्या टोकाला घट्ट बसत जाते आणि काजळीला जागा कमी करत जाते. मग रिजनरेशन लवकर लवकर होतं, डिझेल जास्त लागतं, गाडी ओढत नाही, आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. नवी जाळी किती रुपयांना पडते हे एकदा शोरूमला विचारून बघा, ऑईलच्या किमतीतला फरक तुम्हीच विसराल.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक पिकपवाला आला होता, बाजारसमितीत भाजी टाकणारा. तक्रार काय, तर गाडी ओढत नाही, ‘बाकी ऑईलचं बघू नका, ते तर उलट वाढतंय’. खूश होता बिचारा. गेज ओढला तर ऑईल वरच्या खुणेच्या बोटभर वर, आणि वास डिझेलचा. एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकला. मधे काळा ठिपका राहिला आणि भोवती पिवळट, तेलकट कडं पसरत गेलं. ते कडं डिझेलचं. काजळी जाळायला इंजिन मागाहून थोडं जादा डिझेल फवारतं. गाडी दहा मिनिटं चालवायची, बंद करायची, परत दहा मिनिटं, असं सुरू असलं की रिजनरेशन अर्धवट राहतं, परत सुरू होतं, आणि ते डिझेल लाइनरवरून ओघळून खालच्या ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं. याच्या गाडीतही ट्रॅक्टरचंच ऑईल होतं. एकीकडे राखेने जाळी भरत होती, दुसरीकडे डिझेलने ऑईल पातळ होत होतं. तुमचा घट्टपणाचा आग्रह इथे काही कामाला येत नाही, कारण डिझेल मिसळलेलं ४० ग्रेडचं ऑईल ३० च्या खाली जायला वेळ लागत नाही.

प्रेशरच्या काट्याबद्दल. पंप ऑईल ढकलतो आणि ऑईल जितकं अडतं तितकं प्रेशर दिसतं. घट्ट ऑईल जास्त अडतं, म्हणून काटा वर जातो. पण काटा वर म्हणजे ऑईल पोचलं असं नाही, आणि टर्बोच्या (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) बेअरिंगला ऑईल वेळेवर पोचायला हवं. तिथला दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑईल तिथे थंडावा द्यायचं कामही करतं. ट्रॅक्टर झिजलेला असेल, फटी वाढल्या असतील, तर तिथे घट्ट ऑईलने प्रेशर टिकतं आणि खाणं जरा कमी होतं, हे तुमच्या मिस्त्रींनी अनुभवाने ओळखलंय. त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं जुन्या इंजिनाचं गणित बरोबर आहे, ते नव्या गाडीला लावतात एवढंच माझं म्हणणं.

काळं पडण्याचं तर बोलूच नका. डिझेलमध्ये ऑईल काळं पडलं म्हणजे ते काजळी उचलून स्वतःत धरून ठेवतंय. जे ऑईल पिवळंधमक राहतं त्याची मला जास्त काळजी वाटते. सुट्टं, बॅरलमधून मोजून दिलेलं ऑईल घेऊ नका, एवढं मात्र इथे सांगून ठेवतो.

तुमचा एक प्रश्न मला आवडला: दोन्हींना चालेल अशी एकच बादली नाहीच का? उलट्या बाजूने बघितलं तर मिळू शकते. एपीआयचे नवे दर्जे जुन्या इंजिनांना चालतात. २००२ चा सीआय-४, २००६ चा सीजे-४, आणि २०१६ च्या शेवटी आलेला सीके-४, यातलं कुठलंही १५डब्ल्यू-४० तुमच्या ट्रॅक्टरला बिनधास्त चालेल. जुन्याचं नव्यात मात्र चालत नाही. अपवाद एफए-४. तो सीके-४ बरोबरच आला, पण मुद्दाम पातळ ठेवलेला आहे, त्याला ट्रॅक्टरपासून लांब ठेवा. आता पिकपच्या पुस्तकात सीके-४ लिहिलेलं असेल तर तुमचं काम झालं, एका बादलीत दोन्ही गाड्या. पण तिथे सी३ किंवा गाडीच्या कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक असेल तर सीके-४ आणू नका. त्यात राख १ टक्क्यापर्यंत चालते, सी३ मध्ये ०.८ पर्यंतच. उद्या ट्रॅक्टर बदललात आणि ५० हॉर्सपॉवरच्या वरचा घेतलात तरी सावध राहा. त्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ (ट्रॅक्टरच्या धुराचे कडक नियम) लागू आहे, तिथेही जुन्या सवयीने बादली ओतून चालणार नाही.

आता पिकपमध्ये जे भरलंय त्याचं काय करायचं? घाबरू नका, एका भरण्याने जाळी मरत नाही. आज संध्याकाळी गाडी सपाट जागेवर थंड होऊ द्या आणि गेज बघा. ऑईल वरच्या खुणेच्या वर असेल किंवा डिझेलचा वास येत असेल तर सर्व्हिसिंगची वाट न बघता काढून टाका, फिल्टरही बदला, आणि मग हायवेला एकदा सलग अर्धा-पाऊण तास गाडी पळवा. पातळी ठीक असेल तर पुढच्या बदलाच्या वेळी योग्य ऑईल भरा, फक्त तोवर वरून भर घालायची वेळ आली तर बादलीतलं घालू नका. पुस्तकातल्या ऑईलच्या पानाचा फोटो इथेच खाली टाका. मंजुरी क्रमांक दिसला की कुठला डबा घ्यायचा ते सांगतो.