पाच किलो कैलास

यंदा गणपतीला कैलास करायचा हे भाच्याने परस्पर ठरवून टाकलं. कापसाचा बर्फ म्हणे आता आउटडेटेड, खरा धूर पाहिजे, म्हणजे ड्राय आइस. मी म्हटलं आण बाबा, आणि तिथेच फसलो, कारण गाडी माझी.

आदल्या संध्याकाळी नवी मुंबईच्या एमआयडीसीतून पाच किलो उचलला, थर्माकोलच्या खोक्यात. देणारा म्हणाला, "काचा खाली ठेवा हां साहेब." मला वाटलं वास येत असेल. वास कसला, अख्खा कार्बन डायऑक्साइड तो, उणे ७८ डिग्रीचा, वितळतच नाही, थेट गॅस होतो, एका किलोचा साधारण पाचशे लिटर, बंद गाडीत बसलो असतो तर बाप्पा यायच्या आधी आपणच कैलासाला पोचलो असतो. हे ज्ञान भाच्याने मला शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये दिलं. बाहेर भाद्रपदातला पाऊस, चारही काचा खाली, माझा उजवा खांदा निथळतोय आणि शेजारचा रिक्षावाला प्लास्टिकच्या पडद्याआडून दयेने बघतोय.

घरी आलो तर बायको चिकटपट्टी घेऊन तयार, मुंग्या लागतील म्हणून. भाचा किंचाळला, मामी नको, गॅसला वाट नाही मिळाली तर खोकं फुटेल! मग फ्रीजरमध्ये? फ्रीजर उणे १८, म्हणजे याच्या हिशोबाने भर मे महिना. सिंकमध्ये? पाइप तडकेल. शेवटी स्वारी बाल्कनीत जास्वंदीच्या कुंडीशेजारी, झाकण नुसतं टेकवून. जावयाचे एवढे लाड आमच्याकडे कोणी केले नाहीत, मी जावई असून सांगतो.

"याचं पाणी कुठे जातं रे?" आजी.
"पाणी होतच नाही आजी, उडून जातं."
"मग कापूरच की."

आठवीतलं संप्लवन मला आज कळलं.

बरं, खरंच एवढं गार असतं का म्हणून मी गुपचूप एक बोट लावलं. गार वगैरे काही लागलं नाही, तापल्या तव्याचा चटका बसला, बोट पांढरंफटक आणि सकाळी टोकाला फोड. मोदकाच्या पाऱ्या त्या बोटाने करून बघा.

चतुर्थीला बघितलं तर अर्धा माल रात्रीतच उडालेला. तरी आरतीला भाच्याने जाड हातमोजे घालून चिमट्याने खडे परातीतल्या गरम पाण्यात सोडले आणि काय सांगू, पाटावरून पांढरे लोट असे ओघळले की आजीने हातच जोडले. पण हा गॅस हवेपेक्षा जड, खालीच साचतो, आणि खाली शेजाऱ्यांचं बाळ रांगतंय! त्याला उचला, खिडक्या उघडा, पंखा लावा, पंख्याने निरांजन विझलं. तेवढ्यात कोणाचा तरी चिंटू पेपरमिंट समजून खड्याला हात घालायला गेला, त्याला मी जवळजवळ झडप घालूनच धरला, कारण २०२४ ला गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटात माउथ फ्रेशनर म्हणून हेच खाल्लेल्या लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. या गडबडीत परातीतलं पाणी गार झालं आणि दुसऱ्या कडव्याला कैलास संपला.

दुसऱ्या दिवशी दीड दिवसाच्या बाप्पाला निरोप द्यायची तयारी चालली होती. आजीने बाल्कनीतल्या खोक्यात डोकावून बघितलं. आत काही नाही, ओलसुद्धा नाही.

"अगंबाई," ती म्हणाली, "याचं विसर्जन आधीच उरकलं की!"