हयातीचा दाखला आणि सेनेका

नोव्हेंबर. बाबा बँकेच्या काउंटरसमोर साक्षात बसलेले, पण मशीन त्यांचा अंगठा ओळखेना, म्हणजे कागदोपत्री ते अजून जिवंत नव्हते.

"अंगठा केसांवर घासा," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. बाबांना टक्कल. "मग यांच्या केसांवर घासा." आणि भर बँकेत माझ्या वडिलांनी माझ्या डोक्याला अंगठा पुसला. मशीन ढिम्म. पाठोपाठ सर्व्हर डाऊन.

शेजारी मंकी कॅपमधले एक काका. "वेळ! वेळ तेवढा आपला असतो, बाकी सगळं परकं. सेनेका!"

मी "हो का" म्हणाले. तेवढं त्यांना पुरलं.

सेनेका म्हणजे जुन्या रोमचा तत्त्वज्ञ. त्याने म्हणे आयुष्याच्या तोकडेपणावर अख्खा निबंध लिहिला, तो पाउलिनस नावाच्या माणसासाठी. हा पाउलिनस रोमच्या धान्यपुरवठ्याचा अधिकारी. "म्हणजे आमच्याच खात्यातला!" काका पुरवठा खात्यातून निवृत्त. मग गोदामं, बारदान, बदल्या, एक आडमुठा तहसीलदार. "सेनेका त्याला सांगतो, गहू मोजणं पुरे, आता स्वतःसाठी जग. आम्हाला नाही हो कोणी सांगितलं." मग तो ऐदी रोमन, ज्याला आंघोळीतून उचलून खुर्चीत ठेवलं, तर विचारतो कसा, "मी बसलोय का?" काका एकटेच खो-खो हसले. उचलणाऱ्यांचा वेळ कोणाचा होता, हे मला विचारायचं होतं, पण मध्ये फट सापडेना. सेनेकाचं काय जातं? इसवी सन 41 ते 49 कॉर्सिका बेटावर हद्दपार. टोकन घेऊन बसला नव्हता.

"पिकलेल्या केसांवरून माणूस खूप जगला असं समजू नये," काका म्हणाले, "तो नुसता खूप दिवस असतो."

बँकेला तेवढंच हवंय हो! नुसतं असणं. आणि तेही आमच्याच्याने सिद्ध होईना.

सर्व्हर आला. काका ताडकन उठले, "मॅडम, माझं आधी घ्या, वेळ जातोय," म्हणत बाबांच्या पुढे घुसले. अंगठा पहिल्या फटक्यात लागला. आम्ही बघत राहिलो.

आता जातील असं वाटलं. ते परत येऊन शेजारीच टेकले. "घरी जाऊन तरी काय करायचंय? हं, तर तो आंघोळीतला..."

"मॅडम," मी जवळजवळ किंचाळले, "दुसरं बोट चालेल का?"