हिवाळ्यात मोटरहोम कशी हलवू नये

मुंबईत मोटरहोम घेतलीत, अभिनंदन. आता डिसेंबर लागला आहे. हवा कोरडी झाली, घाटातले खड्डे जेवढे बुजायचे तेवढे बुजले, अलिबागकडे वालाच्या शेंगा भरू लागल्या आणि पोपटीची, म्हणजे शेंगा भाजायची, मडकी बाहेर निघाली. चाकांवरचं घर घेऊन महाराष्ट्रात भटकायला याहून बरे तीन महिने नाहीत. मार्चपासून ऊन भाजून काढणार, जूनपासून पाऊस झोडपणार. म्हणजे गाडी बाहेर काढायची तर आत्ताच. आणि नेमकं म्हणूनच ती सोसायटीत झाकून ठेवून फेब्रुवारीअखेरपर्यंत तसूभरही हलू न देणं हे तुमचं आद्य कर्तव्य आहे.

घाबरू नका, याला शास्त्राधार आहे. युरोपात कितीतरी मोटरहोमवाले थंडी पडली की गाडी दारात उभी करतात. पाणी काढतात, बॅटरी सांभाळतात, गाद्या उभ्या करून ठेवतात आणि वसंत ऋतू येईपर्यंत तिच्या वाटेला जात नाहीत. तिकडे बर्फ पडतो म्हणून ते तसं करतात, हा तपशील झाला. आपल्याला विधीशी मतलब. शिवाय थंडी आपल्याकडेही असतेच की! पारा अठराच्या खाली उतरला की कानटोप्या निघतात, वाहिन्यांवर मुंबई गारठते. सांताक्रूझला नोंदवलेलं आजवरचं नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, तेही २७ जानेवारी १९६२ चं. पाणी गोठायला त्या दिवशी जवळजवळ साडेसात अंश कमी पडले होते. यंदा पडतीलच असं कशावरून?

तेव्हा आधी पाणी काढा. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के फुगतं आणि पाइप, नळ, बॉयलर जे मध्ये येईल ते फोडतं. म्हणून थंड देशांत टाकी आणि बॉयलर पूर्ण रिकामे करतात, नळ उघडे सोडतात, एका दांडीचा नळ असेल तर दांडी मधोमध ठेवतात, म्हणजे गरम-गार दोन्ही बाजूंचं पाणी निघून जातं. मुंबईत पाइप फुटायची भीती नाही, पण तीन महिने साठलेल्या पाण्याला शेवाळ येतं, वास मारतो आणि झाकण नीट नसेल तर डास होतात. काढायचं ते काढायचंच. फक्त वेळ सांभाळा. टाकीतलं शंभर लिटर पाणी तुम्ही कंपाउंडात सोडाल, त्याच सकाळी नोटीस बोर्डावर पाणीकपातीचा कागद लागलेला असेल आणि खाली बादल्या घेऊन निम्मी इमारत उभी असेल. रात्री दोननंतर, दिवा न लावता, पाइप थेट गटारात सोडून हे काम उरकावं. चोरून पाणी भरणारे मुंबईने पुष्कळ पाहिलेत. चोरून पाणी सोडणारे तुम्हीच पहिले.

आता संडास. या विषयावर गाडीसोबतच्या पुस्तिकेत चारच ओळी असतात, कारण लिहिणाऱ्याला लिफ्ट ठाऊक नसते. मोटरहोममध्ये बहुधा कॅसेट टॉयलेट असतं. सीटखाली वीसेक लिटरची बंद टाकी, ती गाडीच्या बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची. तिला चाकं असतात, ओढायला दांडा असतो आणि लांबून ती थेट विमानात न्यायच्या बॅगेसारखी दिसते. गाडी उभी करण्याआधी ती रिकामी करावी, धुवावी, वाळवावी आणि झडप उघडी ठेवावी, नाहीतर रबरी सील चिकटून बसतं. सीलला व्हॅसलीन फासू नये, रबर खराब होतं. त्यासाठीचं वेगळं वंगण मिळतं. कॅसेट रिकामी कुठे करायची? पुस्तिका म्हणते, ठरवून दिलेल्या जागी. मुंबईत ठरवून दिलेली जागा म्हणजे चौथ्या मजल्यावरचा तुमचा फ्लॅट.

पहाटे पाचला दूधवाला असतो, सहाला योगावाले, सातला शाळेच्या बसची पोरं. दुपारी तीन ही त्यातल्या त्यात निवांत वेळ. पण दुपारी तीनला तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बँकेत पासबुक भरून परत येतात. त्या तुमच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरतील, बॅगेकडे बघतील आणि विचारतील, "काय रे, गावाहून आलास वाटतं?" खोटं बोलू नये. "हो आजी, आत्ताच," एवढंच म्हणावं. "बॅग लहानशीच आहे. दोन दिवसांचं असेल." यावरही मान डोलवावी, अंदाज फारसा चुकलेला नसतो. मग त्या म्हणतील, "काय आणलंस आमच्यासाठी?" इथे विषय बदलावा. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली तर काय बोलायचं, यावर मात्र माझ्याकडे सल्ला नाही. लिफ्टच्या देखभालीचे पैसे वेळेवर भरलेत का, हे खजिनदाराला आधी विचारून ठेवा. कशासाठी विचारताय ते सांगू नका.

बॅटरीचं प्रकरण वरवर साधं आहे. इंजिनाची बॅटरी वेगळी आणि आतल्या दिव्या-पंख्यांची वेगळी, आणि दोन्ही बसल्या जागी उतरतात. लेड-ॲसिडची बॅटरी पूर्ण भरलेली असली की १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ वर आली की चार्जिंगला लावावी, आणि १२ च्या खाली बरेच दिवस राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरून ती कायमची जाते. अलार्म आणि जीपीएस ट्रॅकर तिला चोवीस तास पीत असतात. जी गाडी हलणारच नाही तिला ट्रॅकर कशाला, असं विचारणाऱ्यांनी कधी ऑफिसात बसून मोबाइलवर आपली गाडी आपल्याच बिल्डिंगखाली पाहिलेली नसते. छपरावरच्या सोलर पॅनलवर फार विसंबू नका. हिवाळ्यात इथे वारा पडतो, शेजारच्या रिडेव्हलपमेंटची धूळ अलगद खाली बसते, आणि तसंही पॅनलवर तुम्ही कव्हर घातलेलंच आहे.

उरला चार्जर. त्याला प्लग हवा, आणि तळमजल्यावरचा एकमेव प्लग कॉमन मीटरवर आहे. तुमचा चार्जर जिन्यातल्या दिव्यांइतकी वीज खातो, लिफ्ट आणि पाण्याचा पंप त्याच्या कितीतरी पट. पण पंपाविषयी आजवर कोणी सर्वसाधारण सभेत उभं राहून बोललेलं नाही. तुमच्याविषयी बोलतील. बिल दिवाळीतल्या रोषणाईने वाढलेलं असलं तरी सेक्रेटरी काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणतील, "मी कोणाचं नाव घेत नाही," आणि सगळे तुमच्याकडे बघतील. त्यापेक्षा आपल्या खिडकीतून वायर खाली सोडा. दुसऱ्या मजल्यावर तिच्यावर रुमाल वाळत पडतील. पडू द्या.

कव्हर श्वास घेणारं असावं, म्हणजे आतली ओल बाहेर जाते, असं जाणकार सांगतात. खरं आहे. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडली की दोन महिन्यांत गाद्यांना बुरशी येते. म्हणून फ्रिजचं दार किंचित उघडं, कपाटं उघडी, सिलिंडरचा कॉक बंद आणि ओल शोषणारी खोकी कोपऱ्याकोपऱ्यात. पण मुंबईत निळी ताडपत्री चढल्याशिवाय कुठलीही वस्तू कायमची झाली असं कोणी धरत नाही. तेव्हा श्वास घेणारं कव्हर आत, निळी ताडपत्री वर. घुशींसाठी डांबरगोळ्या ठेवा. वॉचमन तंबाखू ठेवायला सांगेल, त्याचं ऐकलंत तर ती पुडी घुशीच्या आधी वॉचमनच काढून नेईल.

टायरपाशी आलो म्हणजे मूळ मुद्द्यावर आलो. तीन-साडेतीन टन वजन महिनोन्‌महिने एकाच जागी उभं राहिलं की टायर खालून चपटे होतात. त्यासाठी हवा कंपनीच्या मर्यादेत थोडी चढती ठेवतात आणि दोन-तीन आठवड्यांनी गाडी जराशी पुढेमागे करतात. हँडब्रेक ओढून ठेवत नाहीत, नाहीतर ब्रेक चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावतात. पुढेमागे किती करायची? वीतभर. जास्तीत जास्त दीड वीत. फूटभर पुढे गेलात तर मागच्या मोकळ्या फुटात स्कूटर येईल, स्कूटरवर कव्हर येईल, आणि कव्हर आलं की हक्क आला.

मुंबईत मोटरहोमची किंमत शोरूममध्ये ठरते असा काहींचा गैरसमज असतो. ती तिच्याखालच्या जमिनीवर ठरते. दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला की स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) किंवा उघड्यावरचं पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही. ती सोसायटीची सामायिक जागा. तेव्हापासून जागावाटपाचं पाप सर्वसाधारण सभेच्या माथी आहे, आणि जागा थोड्या, गाड्या फार झाल्या की चिठ्ठ्या टाकतात. मोठ्या गाडीच्या पार्किंगचं माप मुंबईच्या नियमावलीत अडीच बाय साडेपाच मीटर. तुमची गाडी सात मीटर. स्टिल्टखाली छप्पर अडतं म्हणून ती उघड्यावर, आणि उघड्यावर मोकळी जागा फक्त नारळाखाली. जे दीड मीटर बाहेर उरतं, तिथून शेंबड्या पोरांच्या क्रिकेटचा बॉलर धावत येतो. मोटरहोमला बॉल लागला की आऊट, हा नियम पोरांनी तुम्हाला न विचारता केलेला आहे. तो मोडायला जाऊ नका. अख्ख्या सोसायटीत तुमची गाडी तिथे असणं गृहीत धरणारी तेवढीच मंडळी आहेत.

अशा परिस्थितीत तुम्ही चार दिवस दापोलीला गेलात असं समजा. परत याल तेव्हा तिथे तीन स्कूटर, कोणाच्या तरी मेहुण्याची नवी गाडी आणि माघी गणपतीच्या मांडवाचे बांबू असतील. बांबू कोणी काढायला सांगू शकत नाही. सात मीटरची गाडी घेऊन तुम्ही गल्लीत उभे राहाल, मागचे रिक्षावाले भोंगे वाजवतील, आणि तुमच्याकडे चाकांवरचं घर असेल पण ते ठेवायला घर नसेल. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरॅव्हॅन पार्क, वीज-पाण्याची सोय, सांडपाण्याची व्यवस्था, सगळं त्यात आहे. धोरण चांगलं आहे. गाडीत बसून वाचावं.

गाडीत बसायला जागा मिळाली तर. कारण तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागतात, आणि चिपळूणचे काका-काकू चार दिवसांसाठी येतात. वन रूम किचनवाल्याच्या दारात दोन बर्थ, स्वयंपाकघर आणि संडास असलेली दीडशे चौरस फुटांची खोली रिकामी उभी आहे, हे नातेवाइकांपासून फार काळ लपत नाही. दादर ते दहिसर दीडशे चौरस फुटांचा भाव काय आहे, हे काकांना तुमच्याआधी माहीत असतं. ते ताडपत्री वर करतील, उभ्या केलेल्या गाद्या आडव्या करतील आणि म्हणतील, "तुम्ही वर झोपा रे, आम्हाला इथे बरं पडतं." धुऊन, वाळवून ठेवलेल्या कॅसेटचं पुढे काय होतं, ते लिहीत नाही. दुपारी तीनला लिफ्टमध्ये आजी भेटतील.

काका गेले की दुसऱ्या मजल्यावरचा दहावीचा मुलगा येईल. त्याच्या घरी टीव्ही चालू असतो, अभ्यास होत नाही. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, नाही कसं म्हणणार? त्याला किल्ली द्या. तो आत भूमितीची प्रमेयं पाठ करेल, तुमच्या बॅटरीवर पंखा लावेल आणि कोणी मेहुणा बांबू टाकायला आला तर आतून ओरडेल. वॉचमनपेक्षा त्याचा उपयोग जास्त. बाहेरचे लोक मात्र गाडी पाहून अजूनही विचारतील, "शूटिंग आहे का?" हो म्हणा. व्हॅनिटी व्हॅन महिनोन्‌महिने एका जागी उभी राहिली तर मुंबईत कोणाला नवल वाटत नाही.

एवढं सगळं करूनही थंडीत कुठेतरी जावंसं वाटेलच. पोपटीचं बोलावणं येईल, मडक्यात घालतात त्या भांबुर्डीच्या पाल्याचा वास नाकात घोळू लागेल, मुलं म्हणतील आपल्याकडे गाडी आहे ना. त्यांची समजूत काढा. आधी अलिबागला दोन खोल्या बुक करा, डिसेंबरअखेरीस दर दुप्पट होतात. मग भाड्याची सात सीटर सांगा. रात्री मुक्काम पडला तर हॉटेलात गरम पाणी आहे का, संडास आत आहे का, हे फोनवर नीट विचारून घ्या, कारण या सोयी नसल्या की फार गैरसोय होते. निघायच्या दिवशी ड्रायव्हर गेटपाशी येऊन हॉर्न देईल आणि आत घेऊ का म्हणून विचारेल. त्याला सांगा, बाहेरच थांब बाबा. आत जागा नाही.