'गोष्ट रचलेली आहे' म्हणणाऱ्या राजेंद्रनगरकरांना

इंदूरहून मला महेश्वरला नेणाऱ्या, पाकिस्तानातून आलेल्या सिंधी हिंदू टॅक्सीवाल्यावर मी लिहिलं, त्यावर 'राजेंद्रनगरकर' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली. ती अशी: "सगळं फिल्मी वाटलं. पाकिस्तानी पासपोर्टवाला इंदुरात टॅक्सी चालवूच शकत नाही, त्याला लायसन्स कोण देणार? गोष्ट रचलेली आहे, नाहीतर त्याने तुम्हाला गंडवलं. शिवाय त्याला विचारून छापलंत का? आणि भाड्यात घासाघीस केलीत हे अभिमानाने कशाला सांगता? शीर्षक तर यूट्यूबवाल्यांचं वाटतं."

शीर्षकाचं मान्य. 'सीमेपलीकडचा सारथी' जरा भडकच झालं. बदलून टाकतो.

आता पुढचं. मतभेद असू द्या हो, त्यासाठीच तर खाली प्रतिक्रियांची जागा ठेवली आहे. पण आपण शंका विचारली नाहीत, निकाल दिलात. 'असं कसं शक्य आहे, जरा सांगाल का' असं लिहिलं असतंत तर मी आनंदाने चार ओळी लिहिल्या असत्या. आपण एका ओळीत मला खोटारडा किंवा बावळट ठरवलंत, त्या माणसाला ठग ठरवलंत, आणि स्वतःचं नावही लिहिलं नाहीत. इंदूरच्या रामबागेत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा सूर नवा नाही. आमच्या ओट्यावरही असे एक काका असायचे, त्यांना सगळं आधीच माहीत असायचं.

लायसन्स कोण देणार? सरकारच देतं. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेले जे अल्पसंख्याक दीर्घ मुदतीच्या व्हिसावर इथे राहतात, त्यांना काही सवलती देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2016 मध्ये घेतला. बँकेत खातं, पॅन, आधार, ड्रायव्हिंग लायसन्स, स्वतःचा रोजगार आणि राहण्यापुरतं घर, एवढं त्यात येतं. माझा टॅक्सीवाला सिंधमधल्या घोटकी जिल्ह्यातून 2017 मध्ये आला, म्हणजे त्यानंतर. गाडी त्याच्या थोरल्या भावाच्या नावावर आहे. भाऊ 2013 मध्ये आला होता. हे सगळं मी लेखात लिहिलं होतं. आपण शीर्षकापाशीच थांबलात की काय, कोण जाणे.

या दोन तारखांतच त्या घराची सगळी कथा आहे आणि लेखाचा गाभाही तोच होता. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात 31 डिसेंबर 2014 ही सीमारेषा आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी आलेल्या अशा अल्पसंख्याकांना नागरिकत्वाची वाट सोपी. नियम निघायला 11 मार्च 2024 उजाडला. थोरला भाऊ या रेषेच्या अलीकडे, धाकटा पलीकडे. एकाच आईची मुलं, एकाच स्वयंपाकघरात जेवतात; एक मतदान करतो, दुसरा व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज भरतो. धाकट्याला जुन्याच वाटेने जायचं आहे. मूळ भारतीय वंशाचा म्हणून नोंदणी करायची तर सात वर्षांचं वास्तव्य हवं, आणि तेवढं झालं तरी कागद जुळवणं आलंच.

भेरू घाट उतरताना तो म्हणाला होता, "भिया, मध्य प्रदेशात जिथं म्हणाल तिथं नेतो. शिर्डीचं भाडं आलं की भावाला पाठवतो." त्या वेळी मला ती गंमत वाटली. नंतर कळलं की सवलतीतली मोकळीक राहत्या राज्यापुरतीच आहे. बाहेर जायचं तर परवानगी काढा. पासपोर्टची मुदत संपली की दिल्लीला पाकिस्तानच्या उच्चायोगात जावं लागतं. आणि एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तान्यांचे व्हिसे रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा त्याच्या घरी चूल पेटली नव्हती. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम आहेत हा खुलासा परराष्ट्र मंत्रालयाने केला, तो आधी त्याच्या बायकोच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला म्हणे. असलं कुणी रचतं का? मला रचता आलं असतं तर मी कादंबऱ्या लिहिल्या असत्या, फिरस्तीचा ब्लॉग नाही.

आणि 'गंडवलं' म्हणता, तर थोडं माझंही ऐका. मी मस्कतला नोकरी केली आहे. मालकाच्या कपाटात माझा पासपोर्ट असायचा. आई आजारी पडली तेव्हा सुट्टीच्या आधी मला तो मागावा लागला होता, दारात उभं राहून. कागदांविषयी बोलताना माणूस आवाज कसा खाली आणतो, हे मी ओळखतो. तुम्ही राजेंद्रनगरात बसून ओळखणार नाही. माझे पणजोबा होळकरांच्या दरबारात कारकुनी करायला साताऱ्याकडून आले, तेव्हा त्यांना कुणी कागद विचारले नसतील. तुमचेही कुणीतरी असेच कुठून तरी आले असतील. इंदुरातल्या मराठी माणसाने दुसऱ्या आलेल्याकडे अशा नजरेने पाहावं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

विचारून छापलं का, असंही तुम्ही विचारलं आहे. त्याचं नाव नाही, मोहल्ला नाही, गाडीचा नंबर नाही, फोटो नाही. मी ब्लॉग लिहितो हे त्याला सांगितलं होतं, तो हसला. एवढं पुरे आहे. तासभर मनमोकळं बोलणाऱ्या माणसापुढे संमतीपत्र धरायचं का?

घासाघीस म्हणाल तर तुम्ही मालगंजला भाजी बहुधा छापील दराने घेत असाल. मी घेत नाही. त्याने सांगितलेल्या भाड्यातून थोडं कमी करून घेतलं, परतताना धामनोदला चहा-पोहे मी दिले. हिशोब चुकता.

पुढचा लेख मांडूचा आहे. तिथे स्वतःची गाडी घेऊन गेलो होतो, तेव्हा लायसन्सबद्दल काही विचारायचं असेल तर माझंच विचारा. फक्त खाली खरं नाव लिहा.